मी अडवून ठेवलेली सूचना

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. त्यासाठी फारसं काही करावं लागलं नाही. ज्या माणसाला विचारायचा हक्क होता त्याने मला एकदाच विचारलं, भरल्या वर्गात, आणि भरल्या वर्गातच मी खोटं बोललो. त्यानंतर कुणी विचारलं नाही.

आता आमच्या ग्रुपचा रौप्यमहोत्सव आहे. स्मरणिका निघते आहे, तिच्यात माझ्यावर एक पान आहे, आणि ते पान मला तपासायला पाठवलं होतं. त्यात लिहिलंय की कसबा पेठेतल्या एका माणसाने, नोकरी सुटलेली असताना, घरच्या संगणकावर बसून, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीतला एक भयंकर दोष शोधून काढला. तो माणूस म्हणजे मी. पुढच्याच परिच्छेदात असं आहे की विश्रांतवाडीच्या एका वाचनालयात 'वापरणाऱ्याच्या हातून चूक झाल्याने' काही महत्त्वाचा मजकूर नष्ट झाला. दोष मी शोधला नाही. वापरणाऱ्याच्या हातून चूक झाली नाही. दोन्ही गोष्टी खोट्या आहेत आणि दोन्ही माझ्यामुळे छापल्या जाणार होत्या. मी ते पान परत पाठवलं आणि त्या जागी छापायला खरी हकीकत थोडक्यात लिहून पाठवली.

दुसऱ्या दिवशी धायरीचा फोन आला. धायरी म्हणजे माणूस. आमच्या ग्रुपमध्ये एकाच नावाची बरीच माणसं होती, म्हणून आम्ही एकमेकांना राहत्या भागावरून ओळखायचो. मी कसबा. हा धायरी. आज त्याच्या इमारती सिंहगड रस्त्यावर दोन्ही बाजूंना उभ्या आहेत आणि समारंभाचा हॉल त्याचाच आहे.

"काका, हे काय पाठवलंय तुम्ही?"

"मजकूर."

"ते कळतंय मला. कशाला उकरून काढताय? ती माणसं गेली आता. दोघंबी गेली."

"म्हणून तर."

"अहो, लोकं तुमचा सत्कार करायला बसल्यात. शाल आणून ठेवलीय."

"ती तू पांघर. तुझ्या हॉलमध्ये एसी फार थंड असतो."

तो हसला नाही. म्हणाला, "मीबी होतो ना त्या दिवशी. तुम्ही बुडताय ते बुडताय, मला कशाला संगं नेताय?"

"तू मी सांगितलं म्हणून गप्प बसलास. तसंच लिहिलंय. नीट वाच."

"आन् आम्ही छापलं नाही तर?"

"तर झेरॉक्स काढून तुझ्या हॉलच्या दारात उभा राहून वाटीन. म्हाताऱ्याला कोण हाकलतंय ते बघू."

त्याने फोन ठेवला. मी तीच हकीकत पुन्हा, सविस्तर लिहायला बसलो.

आधी ग्रुप काय होता ते सांगतो. मी भोसरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात संगणक विभाग सांभाळायचो. पगारपत्रकं, स्टोअरचा हिशोब, असली कामं. उदारीकरण आलं तेव्हा पेपरात त्याचं स्वागत होत होतं. आमच्या कारखान्यात ते स्वेच्छानिवृत्तीच्या रूपाने आलं. 'स्वेच्छा' कुणाची होती ते विचारू नका. पन्नाशीला मी घरी बसलो. तांबट आळीतली ठोकाठोक दिवसभर ऐकू यायची आणि त्या आवाजात मला एकच विचार सुचायचा, की त्या लोकांना अजून काम आहे.

त्याच सुमारास पुण्यात लिनक्सची चर्चा सुरू झाली. संगणक चालवणारी मूळ प्रणाली, फुकट, कुणीही उघडून बघावी, दुरुस्त करावी, वाटावी. बाजारात त्या कामाच्या प्रणालीला एवढे पैसे पडायचे की बहुतेक लोक चोरून वापरायचे आणि त्याबद्दल कुणाला काही वाटायचंही नाही. आम्हाला वाटायचं. आम्ही दहा-बारा माणसं एका कॉलेजच्या वर्गात रविवारी सकाळी जमायला लागलो. नोकरी गेलेले, नोकरी न लागलेले, नोकरी असून कंटाळलेले. लोक हसायचे. 'फुकटात काय मिळणार? फुकटातलंच.' आम्ही त्यांना उत्तर द्यायचो, भांडायचो, त्यांच्या मशिनवर चढवून दाखवायचो. चढवणे हा आमचा शब्द. प्रणाली मशिनवर बसवायची म्हणजे चढवायची. त्या दिवसांचा मला अजून अभिमान आहे, आणि हे लिहितानाही तो कमी झालेला नाही.

सीडी कुणीतरी ऑफिसच्या लाइनवरून उतरवून आणायचा आणि मग त्याच्या प्रती निघायच्या. आठवडाभर ईमेलवर प्रश्नोत्तरं चालायची. कुणाचा मोडेम बोलत नाही, कुणाच्या पडद्यावर रंग येत नाहीत, कुणाचा प्रिंटर चिनी भाषेत छापतो. उत्तरं द्यायला आम्ही तिघे जाणते होतो. त्या तिघांत मी पहिला, कारण मला वेळच वेळ होता.

आणि आमची पद्धत होती. ती मी घालून दिलेली होती. एक म्हणजे, सगळ्यांकडे जाणारी प्रत्येक ईमेल आधी माझ्याकडे यायची. मी ती वाचून पुढे सोडायचो, कारण त्याआधी एकदा फार भांडणं झाली होती. दुसरं, एखादी गोष्ट दोष आहे असं तेव्हाच मानायचं, जेव्हा ती आम्हा तिघांपैकी एकाच्या मशिनवर दिसेल. तिसरं, बाहेर, म्हणजे परदेशातल्या मूळ मंडळींना, तक्रार कळवायची ती फक्त माझ्यामार्फत. चुकीची तक्रार गेली तर पुण्याचं हसं होईल, असं मी म्हणायचो. सगळ्यांना ते पटायचं. शिवाय नवी आवृत्ती आली की तिची बातमी मराठीत मी लिहायचो. काय नवं आहे, काय सुधारलं, कुणी चढवावी, कुणी थांबावं. लोक त्या बातमीची वाट बघायचे. कारखान्यात मला कुणी पुसत नव्हतं ते इथे शंभरेक माणसं माझ्या शब्दावर आपली मशिनं पुसून कोरी करायची.

विश्रांतवाडी हे टेलिफोन खात्यात ज्युनिअर इंजिनिअर होते. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, उंच, आवाज खर्जातला. वर्गात मागच्या बाकावर बसायचे, पण गप्प नाही. पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर मोडेमची जोडणी समजावत होतो तेव्हा ते मागून म्हणाले, "सर, असं केलंत तर लाइन जोडली जाईल, पण सुटणार नाही. बिल मात्र चालू राहील." वर्ग हसला. ते बरोबर होते. मी खडूने केलेलं पुसलं, आणि ते पुसणं विसरलो नाही.

ते फोन केला की 'जयभीम, सर' म्हणायचे. मी 'हं, नमस्कार' म्हणायचो. एवढ्या वर्षांत एकदाही मी त्यांना त्यांच्या शब्दात उत्तर दिलं नाही. धायरी आमच्याकडे रविवारी वर्ग संपला की जेवायला यायचा, माझी बायको त्याला आग्रह करून वाढायची. विश्रांतवाडींना मी कधी घरी या म्हटलं नाही. धायरी म्हणतो, यात जातीचा काही संबंध नव्हता. त्याला म्हणू दे. माझ्या डोक्यात काय होतं ते मला माहीत आहे, आणि ते कुठे होतं हेही. बोलण्यात कधीच नव्हतं. 'तुमचं मशीनच गल्लीतलं आहे हो' असं मी त्यांना म्हणायचो तेव्हा मी मशीनबद्दलच बोलतोय असं सगळ्यांना वाटायचं. त्यांना वाटत नसणार.

त्यांच्या वस्तीत विहाराला जोडून एक वाचनालय होतं. तिथे त्यांनी जुने सुटे भाग जमवून एक संगणक उभा केला होता, आमची प्रणाली चढवून. तो चालवायचे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे, मीही म्हणतो. गुरुजी म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे. धर्मांतराच्या वेळी जे तरुण होते, काही नागपूरला जाऊन आले होते, काही खडकीच्या कारखान्यात असताना इथेच दीक्षा घेतलेले, त्यांच्या आठवणी. कॅसेटवर बोलणं घ्यायचं, ऐकत ऐकत दोन बोटांनी टाइप करायचं, आणि मग तीच कॅसेट पुढच्या माणसासाठी वापरायची. टाइप झालं की आवाज कशाला ठेवायचा, असा त्यांचा हिशोब. तेव्हा कुणालाही तो चुकीचा वाटला नसता. गुरुजी एकदा विश्रांतवाडींबरोबर वर्गावर आले होते. एका आजीने सांगितलेली हकीकत त्यांनी वाचून दाखवली, घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडायला नेताना सासूने टोपली धरून ठेवली होती आणि शेवटी दोघी मिळून गेल्या, ती. मीच टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

आमच्या ग्रुपचा सगळ्यांना एक सल्ला होता, तोही माझाच. संगणकात दोन डिस्क ठेवा. पहिली प्रणालीसाठी, दुसरी आपल्या कामासाठी. नवी आवृत्ती आली की पहिली बिनधास्त कोरी करा, दुसरीला धक्का लागणार नाही. वाचनालयात तसंच केलं होतं. गुरुजींचं सगळं काम दुसऱ्या डिस्कवर होतं.

नव्या आवृत्तीची चाचणीप्रत आली तेव्हा विश्रांतवाडींनी ती ऑफिसातल्या भंगार मशिनवर चढवून पाहिली. मग त्यांची ईमेल आली. रोमन अक्षरांत मराठी, मुद्देसूद, नेहमीसारखी. मशिनमध्ये दोन डिस्क असतील आणि सीडीचा ड्राइव्ह त्यांच्या मधल्या जागी जोडलेला असेल, तर ही आवृत्ती डिस्क उलट्या क्रमाने मोजते. पडद्यावर विचारते 'पहिली कोरी करू का', आपण हो म्हणतो, आणि कोरी होते दुसरी. त्यांनी तीन वेळा करून पाहिलं होतं. शेवटी लिहिलं होतं की आपल्याकडे पुष्कळांच्या दोन डिस्क आहेत, कारण आपणच तसं सांगितलंय. कृपया सगळ्यांना सावध करावं आणि बाहेर कळवावं.

मी माझ्या मशिनवर करून पाहिलं. दिसलं नाही. इतर दोघा जाणत्यांच्या मशिनवरही दिसलं नाही. दिसणार कसं? आमची मशिनं चांगल्या दुकानातली, सीडीचा ड्राइव्ह जिथे असायला हवा तिथे जोडलेला. सुट्या भागांतून केलेल्या मशिनवरच तो दोष दिसणार होता, आणि तसली मशिनं ज्यांच्याकडे होती त्यांचा शब्द आमच्या पद्धतीत धरला जात नव्हता. मी ती ईमेल पुढे सोडली नाही. त्यांना एकट्यांना उत्तर लिहिलं, 'आपल्या खात्यातल्या भंगाराचा दोष प्रणालीच्या माथी मारू नये. आधी माहितीपुस्तिका वाचावी.' मला ते वाक्य जमून आलं असं वाटलं होतं.

त्यांचं उत्तर आलं नाही. खात्याने त्यांना कोकणात नव्या एक्स्चेंजच्या कामावर पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं.

मग आवृत्ती जाहीर झाली आणि मी बातमी लिहिली. आमच्या ग्रुपचा मेळावा जवळ आला होता. एका कंपनीने हॉल दिला होता, तिचे साहेब येणार होते, आणि मला त्या कंपनीत जागा मिळायची शक्यता होती. बातमी मी दोन दिवस घासूनपुसून लिहिली. शेवटची ओळ होती, 'दोन डिस्क असणाऱ्यांनी निर्धास्तपणे चढवावी.' ही ओळ मी मुद्दाम घातली. कोकणात बसलेल्या एका माणसाला उद्देशून.

बातमी गेल्यावर दोन-तीन दिवसांनी मी धायरीकडे गेलो. त्याच्या वडिलांनी नुकतीच बिल्डरला जमीन दिली होती आणि त्याने हौसेने स्वतःच्या हाताने मशीन जोडलं होतं. दुपारची वेळ, त्याच्या आईने भुईमुगाच्या शेंगा उकडून आणल्या होत्या. त्याने सीडी घातली, पडद्यावर प्रश्न आला, त्याने हो म्हटलं. थोड्या वेळाने ओरडला.

"काका, माझी गाणी गेली! पहिली कोरी कर म्हटलं तर दुसरी केली की ह्याने!"

मी मशीन उघडायला लावलं. सीडीचा ड्राइव्ह मधे होता. विश्रांतवाडींनी लिहिलं होतं तिथेच.

"हे टेलिफोनवाले म्हनत होते तेच का?" धायरीने विचारलं. त्यांनी त्याला वर्गाबाहेर सांगितलं होतं.

"रविवारपर्यंत बोलू नकोस," मी म्हटलं. "मेळावा होऊ दे. मग मी बघतो."

"लोकांचं काय?"

"लोक काही लगेच चढवत नाहीत."

तो शेंगा सोलत म्हणाला, "तुम्ही म्हनता तसं." त्याचं वय तेव्हा तेवीस-चोवीस. त्याने मला मान दिला. त्याचा दोष एवढाच.

घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींचा फोन. यापुढचं मी शब्दाला शब्द लिहितो. यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

"साहेब, जयभीम. आपली बातमी वाचली. फार सोपी लिहिता."

"बोला गुरुजी."

"आमच्याकडे दोन डिस्क आहेत. आमचे इंजिनिअर साहेब कोकणात आहेत, त्यांचा फोन लागत नाही. चढवू का?"

"बातमीत सगळं लिहिलंय. वाचा आणि करा."

"वाचलंय साहेब. दोनदा वाचलं. 'निर्धास्तपणे' लिहिलंय आपण."

"मग?"

"नाही, म्हटलं आपल्याला विचारून घ्यावं."

"गुरुजी, लिहिलेलं वाचायचं आणि करायचं. प्रत्येक जण फोन करायला लागला तर मी बातमी कशाला लिहू?"

"बरोबर आहे. माफ करा हं साहेब."

त्यांनी माझी माफी मागितली आणि फोन ठेवला.

'थांबा' हा एक शब्द पुरला असता. कारण सांगायचीही गरज नव्हती. पण 'थांबा' म्हटलं असतं तर गुरुजींनी 'का' म्हणून कोकणात कळवलं असतं, आणि मेळाव्याच्या आधी मला लिहावं लागलं असतं की विश्रांतवाडी बरोबर होते. माझं मन त्या क्षणी एवढंच मोजत होतं. घाबरलो होतो, गोंधळलो होतो, असलं काही मी म्हणणार नाही. मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

संध्याकाळी पुन्हा फोन आला. गुरुजींचा आवाज बारीक झाला होता.

"साहेब, सगळं गेलं. म्हाताऱ्यांचं सगळं. माझंच बोट कुठेतरी चुकलं असेल. आपण एवढं स्पष्ट लिहिलेलं असताना."

मी म्हणालो, "होतं असं कधीकधी."

मेळावा झाला. साहेब आले, त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. सोमवारी मी विश्रांतवाडींची ईमेल समोर ठेवली, तिचं इंग्रजी केलं आणि माझ्या नावाने बाहेर पाठवली. तीच पायरी, तोच क्रम, तीच तीन वेळा केलेली तपासणी. आठवड्याभरात दुरुस्त आवृत्ती निघाली. तिच्या निवेदनात आभार मानले होते, माझे, पुढे 'पुणे, भारत'. पेपरात चौकट आली. मला ती नोकरी लागली आणि मी तिच्या जोरावर मुलीचं लग्न केलं, घर घेतलं. आज मी राहतो ते घर.

त्यानंतरच्या एका रविवारी विश्रांतवाडी वर्गावर आले. कोकणातून परतले होते, रंग रापला होता. चहाच्या आधी उभे राहिले.

"सर, एक विचारायचं होतं. चाचणीच्या वेळी मी दोन डिस्कबद्दल सूचना पाठवली होती. ती आपल्याला मिळाली होती का?"

वर्ग भरलेला होता. त्या पेपरातल्या चौकटीमुळे नवी माणसं आलेली होती. धायरी पुढच्या बाकावर खाली बघत बसला होता. त्यांच्याकडे त्यांच्या ईमेलची प्रत होती, माझं उत्तरही होतं. हे मला ठाऊक होतं आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी कागद बाहेर काढला नाही. ते मला उत्तर द्यायची संधी देत होते.

मी म्हणालो, "लाइन आपल्याच खात्याची आहे साहेब. मधेच कुठे गळाली ते आम्हाला काय विचारता?"

वर्ग खदाखदा हसला. टेलिफोन खात्यावर तेव्हा कुणीही हसायचं.

हसणं थांबेपर्यंत ते उभे राहिले. मग म्हणाले, "लाइन ठीक होती, सर." आणि खाली बसले. वर्ग संपेपर्यंत बसले. एका मुलाचा प्रिंटर चालत नव्हता, त्याला चहा पिता पिता समजावून सांगितलं. मग गेले, आणि परत कधी आले नाहीत.

मला धायरीने त्या दिवशी जिन्यात विचारलं होतं, "काका, हे बरं केलं का आपण?" मी त्याला 'आपण' म्हणू नकोस असं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "ग्रुप टिकला पाहिजे." ग्रुप टिकला. आता त्याला पंचवीस वर्षं झाली आणि त्याची स्मरणिका निघते आहे.

काहीजण म्हणतात, त्या काळी सगळेच तसे वागायचे. नव्या माणसाला झिडकारायचं, 'वाचा' म्हणायचं, ही पद्धतच होती. खरं आहे. पण पद्धत मी घातली होती आणि ती कुणाच्या उपयोगाची आहे हे मला माहीत होतं. काहीजण म्हणतात, दोष दुरुस्त झाला, जगाचा फायदा झाला, नाव कुणाचं का असेना. तसं असेल तर विश्रांतवाडींचं नाव घालायला इतका त्रास का होतो? मला आणखी एक जण म्हणाला, तुम्ही मोठ्या मनाचे, हे सगळं कबूल करताय. मी मोठ्या मनाचा नाही. दोघेही गेल्यावर लिहितोय, यात मन कुठून मोठं आलं? मला सत्कार नको आहे आणि कौतुकही नको आहे. त्या पानावर दोन दुरुस्त्या हव्या आहेत. दोष टेलिफोन खात्यातल्या विश्रांतवाडीच्या एका इंजिनिअरने शोधला. आणि गुरुजींचं बोट कुठेही चुकलं नाही. त्यांनी लिहिलेलं वाचलं आणि तसंच केलं. हे त्यांच्या वस्तीत कळलं पाहिजे, कारण तिथे अजूनही ते 'गुरुजींच्या हातून पुसलं गेलं' असंच सांगतात. मी ऐकलंय.

कुठे ऐकलं तेही सांगतो.

कंपनीतून निवृत्त झाल्यावर, एका हिवाळ्यात, मी विश्रांतवाडीला गेलो. माफी मागायला. पत्ता विचारत विचारत आळंदी रस्त्यापासून आत गेलो तर एका पोराने सरळ घरापर्यंत नेलं. वाटेत वाचनालय लागलं तेव्हा तो म्हणाला, इथलंच सगळं गुरुजींच्या हातून पुसलं गेलं. त्यांनी दार उघडलं. केस पांढरे झाले होते, आवाज तोच. मला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"या सर. बसा. अहो, चहा टाका, कसब्याहून पाहुणे आलेत." हे आत बायकोला.

बाहेरच्या खोलीत संगणक होता, आमचीच प्रणाली, नवी आवृत्ती. त्यांनी मला दाखवलं. वाचनालयाचं काम त्यांनी पुन्हा सुरू केलं होतं. जी म्हातारी माणसं उरली होती त्यांचे आवाज आता आवाज म्हणूनच ठेवले होते, तीन ठिकाणी. "जे गेले ते गेलेच," ते म्हणाले. "टोपलीवाली आजी त्यातच गेली."

चहा आला. त्यांच्या बायकोने चिवडा ठेवला आणि आग्रह केला.

"गुरुजी कसे आहेत?" मी विचारलं.

"मागच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत म्हणायचे, माझंच बोट चुकलं. मी सांगून बघितलं. ऐकायचे नाहीत. म्हणायचे, साहेबांनी एवढं स्पष्ट लिहिलं होतं." ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. तांत्रिक प्रश्न विचारून माणूस उत्तराची वाट बघतो तसे.

मी कप खाली ठेवला. आणि विचारलं, "ही नवी आवृत्ती कशी वाटते?"

ते थोडे हसले. मग त्यांनी ती कशी वाटते ते सांगितलं, सविस्तर, काय सुधारलंय आणि काय बिघडलंय. मी मान डोलावत ऐकलं.

निघालो तेव्हा ते नको म्हणत असतानाही बसथांब्यापर्यंत सोडायला आले. बस लवकर येईना. आम्ही उभे होतो. समोर रस्त्याचं काम चाललं होतं. मला बोलायचं होतं ते मी वाटेत येताना बसमध्ये पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं. तुमची सूचना मला मिळाली होती. मी ती वाचली होती, अडवली होती, आणि नंतर माझ्या नावाने पाठवली. गुरुजींनी मला फोन करून विचारलं होतं, आणि तेव्हा मला माहीत होतं. वर्गात मी तुमची चेष्टा केली ती जाणूनबुजून केली. मला माफ करा. एवढंच होतं, आणि एवढं म्हणायला तिथे भरपूर वेळ होता.

बस लांबून दिसली तेव्हा त्यांनी विचारलं, "सर, काही बोलायचं होतं का?"

"नाही हो," मी म्हणालो. "सहज आलो होतो."